विद्यापीठांचे आत्मपरीक्षण

विद्यापीठाच्या पदवीवर समाज विश्वास ठेवतो. तो विश्वास कितपत सार्थ आहे, हे विद्यापीठाने वेळोवेळी स्वतःच तपासून पाहणे आवश्यक असते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाच्या दर्जावर भर दिला. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच ‘नॅक’, स्थापन केली.

सात निकष

संस्थेने स्वतः तयार केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल हा या पद्धतीचा पाया होय. २०१७ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत त्यासाठी सात निकष होते: अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, भौतिक सुविधा, विद्यार्थी-साहाय्य, प्रशासन व नेतृत्व आणि संस्थात्मक मूल्ये. विद्यापीठांसाठी १,००० पैकी २५० गुण संशोधन व विस्तारकार्याला, तर २०० गुण अध्यापन व मूल्यमापनाला होते. आकडेवारीची छाननी, विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि तज्ज्ञ समितीची प्रत्यक्ष भेट यांनी अहवालाची सत्यता पडताळली जाई.

उणिवांची नोंद

या अहवालात बलस्थानांबरोबरच उणिवा, संधी आणि आव्हाने यांचीही नोंद करावयाची असे. बलस्थाने सांगणे सोपे असते. खरी कसोटी लागते ती उणिवा नोंदविताना. अध्यापकांची पदे रिक्त असतील, प्रयोगशाळेतील साधने जुनी झाली असतील किंवा निकालांना विलंब होत असेल, तर ते स्पष्टपणे लिहिले गेले पाहिजे. जी उणीव अहवालात येत नाही, ती आराखड्यातही येत नाही. आणि आराखड्यात नसलेल्या गोष्टीसाठी अर्थसंकल्पात तरतूद मागता येत नाही. श्रेणी उंचावली तरी नुकसान अखेर विद्यार्थ्यांचेच होते.

नियोजनाशी सांगड

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठाने दर पाच वर्षांसाठी बृहत् आराखडा तयार करावयाचा असतो. नवी महाविद्यालये कोठे असावीत, याचा विचार त्यात होतो. आत्मपरीक्षणातील निष्कर्षांचा आधार मिळाल्यास हा आराखडा वस्तुस्थितीला धरून राहील.

या कामी अध्यापकांनी आपल्या विभागाची माहिती वर्षभर नीट ठेवणे अगत्याचे आहे. पंचायत सदस्यांचाही येथे संबंध येतो. गावात झालेल्या विस्तारकार्याचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला, हे गावच सांगू शकते. श्रेणी काही वर्षांपुरती असते. प्रामाणिक नोंदींवर उभारलेले नियोजन मात्र पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडते.