मृगाचं वाहन कोण?

मे सरत आला की वाशीम, रिसोड, मंगरुळपीरच्या बाजारात रस्त्याकडेला पुस्तकं मांडून बसणाऱ्याला एक प्रश्न हमखास येतो : ‘यंदा मिरगाचं वाहन काय हाये, भाऊ?’ पथारीवर गुरुचरित्र असतं, भीमगीतांच्या पुस्तिका असतात, पोलीस भरतीची गाइडं असतात. विचारणाऱ्याला त्यातलं काहीच घ्यायचं नसतं. विक्रेता पंचांग उघडतो, पान काढतो आणि वाचून दाखवतो. मग पेपरातला हवामानाचा अंदाज, गेल्या साली फसलेली पेरणी, सोयाबीनचा भाव असं बोलणं सुरू होतं. कोरडवाहू सोयाबीन-तुरीच्या या जिल्ह्यात पावसावर मत नसलेला पुस्तकवाला सापडणं कठीण.

हे पंचांग रस्त्यावर आलं कसं, याची कथा मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

छापखाना येण्यापूर्वी पंचांग हाताने लिहिलं जाई आणि ते असे जोशीबुवांपाशी. पाडव्याला त्यांनी वर्षफल वाचायचं, ऐकणाऱ्यांनी दक्षिणा द्यायची. नक्षत्र कधी लागतं, पाऊस किती पडेल, हे त्यांच्या तोंडूनच कळायचं. ही मिरास मोडली मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी. जातीने भंडारी. अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून त्यांना या विद्येचा ध्यास लागला. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’मध्ये त्यांच्या खटपटी नोंदवल्या आहेत. आधी घरीच लाकडी यंत्र केलं, शिळाछापासाठी दगडाचा तुकडा मिळवून त्यावर किरकोळ मजकूर छापून पाहिला, शाई स्वतः बनवली, मग लोखंडी यंत्र घेतलं. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापून विकायला काढलं. पुढे अक्षरांचे खिळेही स्वतःच पाडले.

विरोध कमी नव्हता. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं! विटाळाचा प्रश्न त्यांनी वाद न घालता कारखान्यातच सोडवला. तरीही छापील कागद हाती न धरणारे लोक माडगांवकर लिहीत होते तेव्हाही होतेच. मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात या माणसाचा मान याहून कितीतरी मोठा असायला हवा. पोथी पूजेला लावता येते, पंचांग मात्र रोज लागतं. आणि रोज लागणारी वस्तू त्यांनी दाम मोजणाऱ्या कुणाच्याही हाती दिली.

पुढचे वाद पंचांगकर्त्यांचे. ‘ग्रहलाघव’ या जुन्या ग्रंथावरून केलेलं गणित आकाशाशी जुळेना म्हणून केरूनाना छत्रे यांनी १८६५ पासून पटवर्धनी पंचांग काढलं. लोकमान्य टिळकांनीही सुधारणेची बाजू उचलून धरली. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांतला फरक आजही कधी कधी सणाला महिनाभर मागेपुढे करतो.

पण मृगाच्या वाहनाचं काय? ते ठरवण्याची रीत कुणालाही बोटांवर करता येईल. सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथपासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि येणाऱ्या आकड्याला ९ ने भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, मग क्रमाने कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव. बाकी शून्य असेल तर हत्ती. सूर्य मृगात शिरताना चंद्र आर्द्रात असेल तर मोजणी दोन, म्हणजे कोल्हा. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले की ओढ. या हिशेबात वारा नाही, समुद्राचं तापमान नाही, हवेतला दमटपणा नाही. शिवाय एका वर्षाचं वाहन सगळ्या मुलखाला एकच : वाशीमला कोल्हा, तर चेरापुंजीलाही कोल्हाच.

हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८०च्या दशकात हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचं भाकीत मांडायला सुरुवात केली. आज जिल्ह्यापुरता कृषी-हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विद्यापीठं दरसाल सांगतात. तरी या सल्ल्याचा कागद पथारीपर्यंत पोचत नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातली भेंडवळच्या घटमांडणीतलं पाऊसपाण्याचं भाकीत मात्र अक्षय्य तृतीयेनंतर पेपरांतून घरोघर पोचते.

यात दोष शेतकऱ्याचा नाही, आणि पुस्तकवाल्याचा तर नाहीच. ज्याला प्रश्न विचारायची लोकांना सवय आहे, त्याच्या हाती खरं उत्तर दिलेलं नाही. गणपत कृष्णाजींनी जोशीबुवांच्या घरातलं पंचांग बाजारात आणलं. कृषी खात्याने आणि करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राने तसाच हा हवामान सल्ला ठळक मराठी अक्षरांत छापून जूनभर आठवड्यातून दोनदा प्रत्येक पुस्तकवाल्याकडे द्यावा. पंचांगं विकली जावोत, वाहनंही वाचली जावोत. पेरणी मात्र शिवारातला पाऊस मोजूनच व्हावी.