गुऱ्हाळावरील सहल : पाहुणे येण्यापूर्वी करावयाची तयारी

दिवाळीच्या सुमारास पंचगंगेच्या खोऱ्यात गुऱ्हाळांची चुलवाणे पेटू लागतात. पन्हाळा किंवा जोतिबा पाहून मुलाबाळांसह परतणारी कोल्हापूरची कुटुंबे याच दिवसांत वाटेवरील गुऱ्हाळापाशी थांबतात. आल्यागेल्यास रस पाजल्यावाचून जाऊ द्यावयाचे नाही, ही आपल्याकडील जुनी रीत आहे व तीबद्दल कोणी पैसा घेत नसे. ही रीत मोडू नये. परंतु पाहुण्यांना अर्धा दिवस शेत दाखविणे, जेवू घालणे व त्यांच्यामागे घरचे एक माणूस गुंतविणे हे श्रमाचे काम आहे. त्याचा मोबदला घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र दर येण्यापूर्वीच सांगावा.

या प्रश्नास दुसरी बाजूही आहे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसविली, तेव्हापासून कोल्हापूरचा व्यापार गुळावर वाढला. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही अनेक गावांतील गुऱ्हाळे बंद पडली आहेत. ऊस कारखान्यास जातो, मजूर मिळत नाहीत आणि जाणता गुळव्या मिळणे तर त्याहून कठीण. दारात येऊन गूळ व काकवी रोखीने नेणारे गिऱ्हाईक अशा गुऱ्हाळास मोठा आधार ठरू शकते.

महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले असून त्याखालील नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. इटलीने असा कायदा 1985 मध्येच केला. शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे व पाहुणचार हा त्यास जोड म्हणून असावा, असे त्या कायद्याचे सूत्र होते. आपल्या शेतकऱ्यानेही ते ध्यानी ठेवणे हिताचे आहे. कणेरीच्या सिद्धगिरी मठातील संग्रहालयात बलुतेदारांचे व गावगाड्याचे पुतळे पाहून मुले हरखून जातात. शेतावर त्यांना चालते काम दिसले पाहिजे. झोपाळे व कारंजी यांवर पैसा घालण्याची घाई करू नये.

चालते काम दाखवावयाचे तर वेळ साधावी लागते. एका आदणास साधारणपणे अडीच ते तीन तास लागतात. मध्येच आलेल्या पाहुण्यास वाफेखेरीज काही दिसत नाही. म्हणून रस काहिलीत सोडण्याच्या वेळी कुटुंबास बोलवावे. रानभेंडीचा चिकट रस घातल्यावर मळी वर कशी येते, ती झाऱ्याने कशी काढतात, हे मुलांना दाखवावे. नंतर रस आटेपर्यंत त्यांना उसाच्या फडात व गोठ्यात न्यावे, भाकरी, खर्डा व उसळ असे जेवण द्यावे. (तांबडा-पांढरा रस्सा त्यांना शहरात मिळतोच.) पाक सुमारे 105 अंश सेल्सिअसला आला की काकवी काढता येते. सुमारे 118 अंशांवर गूळ उतरविण्याजोगा होतो. गुळव्या उष्णतामापकाकडे पाहत नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, त्याची गोळी वळतो व काहिलीच्या काठावर आपटून तिचा आवाज ऐकतो. हे पाहण्यासाठी कुटुंबास वेळेवर परत आणावे.

आणि येथेच खरा धोका आहे. काहील जवळजवळ जमिनीच्या पातळीवर असते. ती वाफ्यात ओतण्याच्या क्षणी सर्वजण पुढे सरसावतात, मुले सर्वांच्या पुढे. भोवतालची जमीन मळीने निसरडी झालेली असते. त्यासाठी काहिलीपासून निदान दहा फुटांवर पक्के लाकडी कठडे उभारावेत. नुसती दोरी पुरत नाही. ओतण्यापूर्वी हाक देण्याचे काम एकाच माणसाकडे असावे व प्रत्येक लहान मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हाती असल्याची खात्री होईपर्यंत त्याने काहील हलवू देऊ नये. चरकीच्या पट्ट्यावर जाळी बसवावी. पदर, ओढणी व मुलांचे हात तिच्यापासून दूर राहतील अशी आडकाठी घालावी. तापलेला पाक कातडीस चिकटतो व खोलवर भाजतो. तसे घडल्यास भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा, हळद किंवा तूप लावू नये आणि तत्काळ दवाखान्यात न्यावे. यासाठी नळ, निदान तोटी बसविलेले स्वच्छ पाण्याचे पिंप, जवळच असावे.

पाहुणे येऊ लागले की गुळाच्या रंगाचा प्रश्न निघतोच. पिवळाधमक गूळ बाजारात उठून दिसतो, म्हणून काही ठिकाणी हायड्रॉसचा सढळ वापर होतो व साखरही मिसळली जाते. ज्याच्या डोळ्यांदेखत आदण निघते, त्याच्यापासून यांतले काही लपत नाही. तपकिरी गूळ का तपकिरी आहे, हे गुळव्याने स्वतः सांगितले तर शहरातील गृहिणी तोच मागून नेते, असा अनुभव येतो. तीस किलोचा रवा मात्र तिला नको असतो. तिच्यासाठी एक किलोच्या लहान ढेपा व काकवीच्या बरण्या अगोदर भरून ठेवाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने सुरुवातीस गावातील एकच तयारीचे गुऱ्हाळ निवडावे. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, गाड्या उभ्या करण्याची जागा व कठडे यांची समक्ष पाहणी करावी आणि पहिले आदण शेजारच्या शाळेतील मुलांना, शिक्षकांसह, दाखवून पाहावे. दोन आदणांच्या वेळा ठरल्या की त्या रस्त्यावरील फलकावर लिहाव्यात आणि अवकाळी पावसाने चिपाडे भिजून चुलवाण बंद राहिल्यास तसेही तेथेच लिहावे.