लघवी सुटते? शस्त्रक्रियेआधी हे वाचा



गवताचा भारा उचलताना, खोकताना, शिंकताना, कधी नुसते हसतानासुद्धा थोडी लघवी सुटते, ही तक्रार गावोगावी पुष्कळ बायकांना असते. पण ती कोणी बोलून दाखवत नाही. लग्नकार्याला जायचे टाळायचे, एसटीने जायचे असले की सकाळपासून पाण्याला शिवायचे नाही, लुगड्याच्या आत फडकी ठेवायची आणि वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढायचे. "बाळंतपणं झाली, वय झालं, आता हे असंच चालायचं," अशी समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. हा आजार आहे आणि त्यावर उपाय आहेत.

पीकपाण्याविषयी लिहिणाऱ्याने हा विषय कशाला घ्यावा, असे कोणी म्हणेल. लावणी, खुरपणी, वेचणी, वैरण, पाणी ही कामे बायकांच्याच अंगावर असतात. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो. मग घरच्या बाईच्या दुखण्याची चौकशी करायला लाज कसली?

हे होते कसे?

मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी. ती, गर्भाशय आणि आतडे यांना खालून आधार देणारे स्नायू असतात. बाजेच्या नवारीसारखे ते ताणून बसवलेले असतात. नवार सैल झाली की बाज झोळ खाते, तसेच बाळंतपणाने, जड ओझ्याने, चुलीच्या धुराने जडलेल्या जुनाट खोकल्याने, बद्धकोष्ठाने किंवा पाळी गेल्यानंतर हे स्नायू सैल पडतात. मग पोटावर ताण आला की लघवीच्या वाटेचे तोंड घट्ट मिटत नाही आणि लघवी सुटते.

दुसऱ्या प्रकारात ताण नसतानाही एकाएकी जोराची लघवी लागते आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत सुटते. याला औषधे व सवयीचे उपचार आहेत. पुढे सांगितलेल्या शस्त्रक्रिया या प्रकारासाठी नाहीत. म्हणून आपला प्रकार कोणता, हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावे. अवघड बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस लघवी ठिबकू लागली, तर मूत्राशयाला भोक पडलेले असू शकते. त्या बाईला विनाविलंब जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे.

एक गोष्ट सर्वांनीच पाळावी. लघवी सुटते म्हणून पाणी पिणे कमी करू नये. त्याने लघवी दाट होते, जळजळ वाढते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

आधी व्यायाम

ताणाने लघवी सुटत असेल तर पहिला उपाय बिनपैशाचा आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तो मांडला. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरताना जे स्नायू आत ओढले जातात, तेच आवळायचे. सावकाश पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, मग तितकाच वेळ सैल सोडायचे. असे एका वेळी आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. श्वास कोंडू नये आणि पोट किंवा मांड्या आवळू नयेत. भाकरी थापताना, धार काढताना, बांधावर बसल्या बसल्याही हा व्यायाम होतो, कोणाला कळतसुद्धा नाही. पुष्कळ बायकांना एवढ्यानेच चांगला गुण येतो. पण पेरणी केल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी कणीस शोधत नाही, तसा इथेही धीर हवा.

याबरोबर खोकल्यावर उपचार, पोट साफ ठेवणे, वजन जास्त असल्यास कमी करणे आणि ओझे हलके करणे, हेही हवे.

शस्त्रक्रिया कोणत्या?

व्यायामाने भागले नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. १९६१ साली डॉ. बर्च यांनी मांडलेली जुनी पद्धत अशी, की ओटीपोटातून जाऊन मूत्राशयाच्या मानेजवळचा भाग टाके घालून वर उचलून धरायचा. दुसऱ्या पद्धतीत बाईच्याच पोटाच्या आतील चिवट पडद्याची पट्टी काढून तिची झोळी करून लघवीच्या वाटेखाली बसवतात.

स्वीडनचे डॉ. उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली तिसरी पद्धत पुढे आणली. तीत अंगातल्या पट्टीऐवजी प्लास्टिकच्या जाळीची, सुमारे एक सेंटिमीटर रुंद पट्टी बसवतात. विणलेली पोती ज्या पॉलिप्रॉपिलीनची होतात, त्याच जातीचे पण वैद्यकीय दर्जाचे हे प्लास्टिक असते. चिरा लहान, काम अर्ध्या तासाचे, आणि बाई त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. त्यामुळे ही पद्धत थोड्याच वर्षांत जगभर पसरली. आपल्याकडेही ती केली जाते.

परदेशातील बायकांचा अनुभव

या पट्टीने बहुतेक बायकांना गुण आला, हे प्रथम सांगितले पाहिजे. त्या पुन्हा धावू लागल्या, ओझी उचलू लागल्या. पण काहींचे हाल झाले. जांघेत आणि मांडीत न थांबणाऱ्या कळा, चालता न येणे, जाळी योनीमार्गातून किंवा मूत्राशयात कापत बाहेर येणे, वारंवार जंतुसंसर्ग, नवराबायकोच्या संबंधात असह्य वेदना, असे त्रास त्यांना सुरू झाले. काहींना ते लगेच झाले, काहींना कित्येक वर्षांनी.

जाळी काढून टाकावी म्हटले तर तेही सोपे नाही. तिच्या छिद्रांतून शरीराचे मांस वाढून ती घट्ट धरली जाते. दगडी ताल्यात शिरलेली हरळी उपटताना दगडही निखळतात, तशी गत होते.

ब्रिटनमधील बायकांचे सर्वात मोठे गाऱ्हाणे वेगळेच होते. शस्त्रक्रियेआधी धोके आपल्याला नीट सांगितलेच नाहीत, असे अनेकींनी सांगितले. नंतर त्या दुखते म्हणून गेल्या, तेव्हा "हे वयाचे आहे", "हे मनाचे आहे" म्हणून त्यांना परत पाठवले गेले. प्रत्येकीला वाटे की आपण एकटीच अशी. पुढे त्या एकमेकींना भेटल्या आणि बोलू लागल्या. २०१४ साली एलेन होम्स आणि ऑलिव्ह मॅकइलरॉय या दोन पीडित स्त्रियांनी स्कॉटलंडच्या संसदेकडे अर्ज केला. त्याच वर्षी जून महिन्यात तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी ही शस्त्रक्रिया थांबवण्यास रुग्णालयांना सांगितले. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये तिच्यावर रोख लागली. बॅरोनेस ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीने शेकडो पीडितांचे म्हणणे ऐकले आणि ८ जुलै २०२० रोजी अहवाल दिला. बायकांचे ऐकून घेतले गेले नाही आणि किती जणींना जाळी बसवली याची धड नोंदही नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सरकारने माफी मागितली. स्वतःच्या खर्चाने जाळी काढून घेतलेल्या बायकांना तो खर्च परत देण्याचा कायदा स्कॉटलंडने २०२२ साली केला.

नवे वाण आले की आपण आधी एका कोपऱ्यात लावून पाहतो, उताऱ्याची नोंद ठेवतो. इथे नोंदच राहिली नाही, म्हणून दोष कळायला इतकी वर्षे गेली.

गर्भाशय काढणे हा यावरचा उपाय नव्हे

आपल्याकडे धोका आणखी एक आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, असल्या तक्रारींवरही पिशवी काढण्याचा सल्ला दिला जातो. लक्षात ठेवा, गर्भाशय काढल्याने लघवी सुटणे थांबत नाही. उलट नंतर ही तक्रार वाढण्याचा संभव असतो. अंग बाहेर येत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

डॉक्टरांना काय विचारावे?

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो. शस्त्रक्रियेआधी पुढील गोष्टी विचाराव्यात. नवऱ्याने किंवा लेकीने बरोबर जावे.

१. माझा प्रकार ताणाने सुटण्याचा आहे की घाईने लागण्याचा? तपासणी झाली का?

२. तीन महिने व्यायाम करून पाहिला तर चालेल का?

३. आणखी मूल हवे असेल तर थांबावे का?

४. जाळी बसवणार की अंगातली पट्टी? जाळी असेल तर दुखणे आल्यास काढता येईल का, आणि कोण काढेल?

५. तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?

६. खर्च किती? सरकारी योजनेत बसते का? हे शेवटचे योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे.

समजल्याशिवाय संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही करू नये. घरी आल्यावर सगळे कागद, जाळी बसवली असल्यास तिच्या वेष्टनावरचे नाव व क्रमांकासह, सातबाऱ्याच्या उताऱ्याजवळ जपून ठेवावेत. रुग्णाने मागितल्यास उपचाराचे कागद डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावेत, असा नियम आहे. पुढे दहा वर्षांनी कळ आली, तरी नव्या डॉक्टरांना त्या कागदावरून आत काय आहे ते कळेल.

बंधूंनो, तुमच्यासाठीही सांगणे आहे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे जड उचलायचे नसते. म्हणून सुगी उरकल्यावरचा काळ धरावा आणि तेवढे दिवस हंडा, वैरण आणि सरपण घरातल्या पुरुषांनी वाहावे. तिला पुन्हा दुखू लागले तर "होईल बरे" म्हणून गप्प बसवू नये. त्या परदेशी बायकांचे निम्मे हाल त्यांचे कोणी न ऐकल्यामुळे झाले.

भगिनींनो, या आठवड्यात एवढे करा. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना एकटीने गाठून ही तक्रार सांगा आणि व्यायाम बरोबर होतो की नाही ते समजून घ्या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी करून घ्या. तुम्ही बोललात की शेजारीणही बोलेल.