किती पानं?

मालगुंडात जेवायचं असेल तर पहिला प्रश्न पाहुण्याने विचारायचा नसतो, तो त्याला विचारला जातो. सकाळी फोन लावला की पलीकडून येतं, ‘किती पानं?’ पान म्हणजे जेवणारं माणूस. केळीच्या पानाच्या जागी केव्हाच स्टीलचं ताट आलं, तरी मोजणी अजून पानांचीच होते. ‘आज काय आहे?’ हा प्रश्न त्यानंतरचा, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या घरात ठरून गेलेलं असतं.

गडग्यावर किंवा आगराच्या फाटकाला टांगलेली ‘घरगुती जेवणाची सोय’ ही पाटी म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची एक पक्की संस्था आहे. तिला ना घटना ना अध्यक्ष. पडवीत चार टेबलं, माजघरात घरच्याच दोघी-तिघी बायका आणि मागीलदारी नारळांचा ढीग, एवढ्यावर ती चालते. पुळ्याच्या गणपतीला येणारी गर्दी दोन-एक किलोमीटरवर थांबते, दर्शन घेते, किनाऱ्यावर उंटाबरोबर फोटो काढते आणि परत फिरते. त्यातले थोडे उत्तरेकडे वळतात, ते मालगुंडात येतात.

दुपारी एक वाजता अचानक दहाजण घेऊन येणाऱ्याला इथे उपाशी ठेवत नाहीत, पण त्याला मोदक मिळणार नाहीत. यात माज नाही, उकडीचा हिशेब आहे. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळलेलं पीठ हवं. नारळ विळीवर खवायचा, गुळात शिजवून चून करायचं. पाण्याला आधण आलं की मीठ, चमचाभर तेल आणि पीठ घालून उकड काढायची, आणि ती हाताला चटके बसत असतानाच मळायची. गार झाली की पारी तडकते. कळ्या पाडून, हळदीच्या पानावर वाफवून मोदक ताटात पडेपर्यंत एक बाई दुसऱ्या कशाला मोकळी नसते. म्हणून पानांचा आकडा सकाळीच लागतो.

मोदकांपेक्षा मला त्या उकडीच्या उरल्यासुरल्याचं अप्रूप जास्त. उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं, मीठ घालून चपट्या निवगऱ्या वाफवतात. त्या कुठल्याही फलकावर लिहिलेल्या सापडणार नाहीत. मागा. घरातल्या पोरांच्या वाटच्या असतात, पण पाहुण्याने नाव घेऊन मागितल्या तर सहसा नाही म्हणत नाहीत.

पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे. अंगारकीला घाटावरून, म्हणजे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडून, गाड्या उतरतात. त्यांना भात दुय्यम, भाकरी मुख्य आणि कालवण झणझणीत लागतं. मुंबईचा पाहुणा सुरमई आणि पापलेट यांच्या पलीकडे जात नाही. पुण्याचा पाहुणा शाकाहारी निघाला की वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं आणि ओल्या काजूगरांची उसळ यावर खूश असतो. उसळ मात्र काजूच्या हंगामातच. या सगळ्यांची मर्जी राखताना काही घरांनी आपलं वाटण बिघडवून घेतलं, हे माझं स्पष्ट मत. बांगड्याच्या आमटीत तिरफळाचा वास यायला हवा. तिथे तयार मसाल्याचा तवंग दिसला की समजावं, हे पान पाहुण्याच्या जिभेवर बेतलेलं आहे. सोलकढीचंही तेच. आगळ आणि नारळाचं दूध एकत्र आलं की फिकट गुलाबी रंग येतो. भडक रंगाची कढी मी परत पाठवतो.

एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ म्हणून समोर येईल ती बहुधा बर्फातली, हे लक्षात असू द्या. तेव्हा सोडे, सुकट, खारा बांगडा, नाहीतर सरळ टाकळ्याची भाजी आणि मऊ भात खावा. पावसाळ्यातलं पान साधं असतं, आणि मला तेच आवडतं.

पदार्थांची नावंही इथे फसवी. माझ्या ओळखीच्या हिंदू घरांत सांदण म्हणजे फणसाचा रस आणि तांदळाचा रवा वाफवून केलेलं. नारळाच्या दुधाबरोबर खायचं. कोकणी मुसलमान घरातलं सांदण तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं, पांढरंशुभ्र, त्यात फणस नसतो. दोन्ही घरं एकाच नावाने हाक मारतात आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं. मी दोन्हीकडे जेवतो, त्यामुळे वादात पडत नाही.

जेवणाची वेळ होईपर्यंत करायचं काय? याचं उत्तर गावातच आहे. मराठी कवितेला नवं वळण देणाऱ्या, सुनीत मराठीत आणणाऱ्या कृष्णाजी केशव दामले यांचा, म्हणजे केशवसुतांचा, जन्म 1866 साली याच गावचा. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे त्यांचं स्मारक उभं केलं आणि 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कौलारू घर, जुन्या वापरातल्या वस्तू, बाहेर दगडांवर कोरलेल्या त्यांच्या कविता आणि आधुनिक मराठी कवींचं दालन. अर्ध्या तासात बघून होतं, पण त्या दगडांसमोर दोन तास बसलेली माणसंही मी पाहिली आहेत.

केशवसुत स्वतः इथे फार राहिले नाहीत. शिक्षण आणि शिक्षकाची नोकरी यांपायी पुणे, मुंबई, खानदेश, धारवाड असे ते फिरत राहिले आणि 1905 साली हुबळीला प्लेगने गेले. वय अवघं 39. त्यांची ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ नावाची कविता आहे. सोलकढीचे दोन पेले रिचवून स्मारकात शिरणाऱ्याने ती आधी वाचावी असं मला वाटतं. जेवण गोड लागायचं राहणार नाही, पण आपण कुणाच्या गावात जेवलो ते कळेल.

संध्याकाळी गायवाडीच्या किनाऱ्यावर जा. इथे गर्दी कमी असते, म्हणून पाण्यात शिरू नका. या किनारपट्टीवर समुद्र कुठे अचानक खोल होतो ते बाहेरच्याला दिसत नाही आणि पुळ्याला माणसं बुडाल्याच्या बातम्या नव्या नाहीत. गाडी असेल तर उत्तरेला जयगडचा खंदकवाला किल्ला, कऱ्हाटेश्वराचं देऊळ आणि 1932 सालचा दीपस्तंभ. तिथून फेरीबोटीत गाडी चढवून शास्त्री नदीची खाडी ओलांडली की पलीकडे तवसाळ, म्हणजे गुहागर तालुका. दक्षिणेला जायचं तर महामार्ग सोडा आणि नेवरे, आरे-वारे असा समुद्राच्या कडेकडेने रत्नागिरीचा रस्ता धरा. शहरात ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा बघा. इंग्रजांनी 1885 साली त्याला देशोधडीला लावलं, आणि 1916 मध्ये तो रत्नागिरीतच वारला. मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्या लागताना उभं राहिलात, तर तुमच्या ताटातला बांगडा कुठून येतो तेही दिसेल.

पण हे सगळं जेवणानंतर. आदल्या रात्री, निदान सकाळी नऊच्या आत फोन करा. मोदक हवेत का ते सांगा, वार सोमवार-गुरुवारचा असेल तर मासे मिळतील का तेही विचारून घ्या, कारण काही घरांत त्या दिवशी मासळी शिजत नाही. आणि पानांचा आकडा खरा सांगा. सहा सांगून आठजण आलात, तर शेवटची दोन पानं त्या घरच्या बायकांच्या वाटची असतील.