कॉफीच्या सावलीतले किडे

गेल्या वर्षी शेजारच्या काजूबागेत भर मोहोरात सकाळीच औषध मारलं आणि आमच्या बचत गटाच्या चार मधपेट्या रिकाम्या झाल्या. बँकेचा हप्ता मात्र चुकला नाही. तेव्हापासून एकच प्रश्न येतो, "ताई, किडा दिसला तर फवारायचं नाही, मग करायचं काय?" उत्तरासाठी आज कर्नाटकातल्या कोडगूला, कॉफीच्या मळ्यात जाऊ. (कॉफी आपल्या चिखलदऱ्यालाही होते बरं का, पण थोडी.)

तिथं वर फणस, शिसव, उंबर आणि त्यांच्या सावलीत कॉफी. मार्च-एप्रिलात वळवाची सर आली की आठ-दहा दिवसांत मळा पांढराशुभ्र फुलतो. बहर टिकतो दोन-तीन दिवस. रोबस्टा जातीला दुसऱ्या झाडाचा पराग लागतोच. तो वारा आणतो, आग्या आणि सातेरी माश्या आणतात. अरेबिका स्वतःच्या परागावरही धरते. तरी इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर काय दिसलं? तीनच जातींच्या माश्या येत तिथं शंभरातली साठेक फुलं फळली, वीस जाती होत्या तिथं नव्वद. 2003 साली हे छापून आलं.

आता वैरी. अरेबिकाचा मोठा शत्रू म्हणजे खोड पोखरणारा भुंगेरा. मादी सालीच्या फटीत अंडी घालते, अळी आतून खोड पोखरते, झाड पिवळं पडून वाळतं. या भुंगेऱ्याला ऊन आवडतं. सावलीची झाडं तोडली की त्याचंच फावतं. अळी आत गेल्यावर वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून खोडाची सुटी साल घासून काढतात, लागण झालेलं झाड उपटून जाळतात.

दुसरा, फळ पोखरणारा, तिळापेक्षाही लहान. भारतात तो 1990 साली निलगिरीत गुडलूरला सापडला. त्याच्यावरचा मोठा इलाज बायकांच्या हातात आहे: तोडणीला खाली चटई अंथरायची, झाडावर आणि जमिनीवर एकही फळ मागं ठेवायचं नाही. कंबर मोडणारं काम, पण मजुरीच्या हिशेबात कुणी त्याला 'कीडनियंत्रण' म्हणत नाही!

पानं विणून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचं काय करावं, हे मात्र अवघड. अळ्या खातात, पण खवले किडीला सांभाळतात, आणि तोडणाऱ्या बाईला कडकडून चावतात.

आमच्या गटानं यंदा बागवाल्यांशी बोलून ठरवलंय: आधी किडा ओळखायचा. मोहोरात फवारणी नाही. अगदीच लागली तर संध्याकाळी, आदल्या दिवशी सांगून, म्हणजे आम्हाला पेट्यांची दारं बंद करता येतील.