पैसे आले, पण कशाचे?

महिनाअखेरीची बैठक आटोपली तरी प्राथमिक आरोग्य केंद्राचा व्हरांडा रिकामा होत नाही. आशाताईंचा हिशेब तेव्हा कुठे सुरू होतो. मांडीवर डायरी, शेजारी माता-बाल संरक्षण कार्डांच्या झेरॉक्स आणि पुढ्यात मोबदल्याचा फॉर्म. दवाखान्यात नेलेली बाळंतपणं किती, लसीकरण पूर्ण झालेली मुलं किती, क्षयरुग्णाचा औषधांचा कोर्स संपला का. एकेक रकाना भरत जातो. मग सिस्टरची सही, आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंची सही, आणि फॉर्म तालुक्याला.

2005 साली ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ हे पद निर्माण झालं, ते पगाराविना. साधारण हजार लोकवस्तीमागे एक बाई, आणि कामागणिक मोबदला. आज महाराष्ट्रात अशा सुमारे 70 हजार जणी आहेत. राज्य सरकार आपल्याकडून दरमहा काही ठरावीक रक्कम देतं. 2023 चा संप आणि आझाद मैदानावरचं आंदोलन झाल्यावर मार्च 2024 मध्ये त्यात 5,000 रुपयांची भर पडली. कामागणिक मोबदल्याची जुनी पद्धत मात्र तशीच सुरू आहे.

त्यातलं एकच काम घेऊ. बाळ दवाखान्यात जन्मलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी जायचं. वजन करायचं, ताप बघायचा, आई नीट पाजते का ते पाहायचं. या साऱ्याचे मिळून 250 रुपये. तेही जन्माचं वजन कार्डावर असेल, जन्मनोंद झाली असेल, पहिल्या लसी टोचल्या असतील आणि बेचाळिसाव्या दिवशी आई-बाळ सुखरूप असतील तर. म्हणजे श्रावणात जन्मलेल्या बाळाचे पैसे मागायलाच भादवा उजाडतो. त्यापुढे पडताळणी, त्यापुढे निधी.

डिजिटल व्यवस्था येते ती इथून पुढे. केंद्राच्या पीएफएमएस या प्रणालीत एक जण यादी भरतो, दुसरा अधिकारी डिजिटल सहीने ती मंजूर करतो आणि रक्कम थेट खात्यावर जाते. हा शेवटचा टप्पा खरोखरच झपाट्याचा. रोखीच्या काळात नोटांना वाटेत पाय फुटण्याची धास्ती असे, ती गेली. हे सुख थोडं नाही.

फक्त प्रणालीला आशाताई ओळखता आली पाहिजे. खातं क्रमांक, आयएफएससी आणि नाव बँकेच्या नोंदीशी जुळलं, तरच गाडी पुढे. आता गंमत अशी, की आशा म्हणून निवडायची बाई गावातली विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, असं मार्गदर्शक सूचनाच सांगतात. म्हणजे बहुतेक जणी गावच्या सुना. आपल्याकडे लग्नात बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, कुठे कुठे पहिलंही बदलतं. आधारवर नवऱ्याचं नाव, पासबुकावर बापाचं, असा घोळ निघाला की बँकेची वारी ठरलेली. त्यात बँकाही नावं बदलतात. एप्रिल 2019 मध्ये देना बँक बडोदा बँकेत विलीन झाली आणि पुढे जुने आयएफएससी बाद झाले. ज्यांची खाती त्या शाखांत होती, त्यांना पुन्हा पासबुकाची झेरॉक्स देणं आलं.

सगळं जुळलं तरी निधी लागतोच. जुलै 2021 पासून केंद्राच्या प्रत्येक योजनेचे पैसे राज्यातल्या एकाच नोडल खात्यात ठेवायचे, असा नियम आला. खालच्या कार्यालयांच्या खात्यात शिल्लक शून्य; त्यांना मिळू लागली ती खर्चाची मर्यादा. पडून राहणारा पैसा त्यामुळे थांबला, हे खरं. पण वरून मर्यादाच आली नाही, तर मंजूर यादी पडद्यावर तयार असूनही तालुक्याचे हात बांधलेले.

शेवटच्या टप्प्याचा वेग आधीच्या तयारीवर ठरतो, ही गोष्ट सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत उलट्या बाजूने दिसली. तिथे साथीशी झुंजणाऱ्यांचे पैसे रोखीत मिळायला सरासरी महिन्याहून अधिक काळ लागत होता. मोबाइल वॉलेट आल्यावर ते आठवड्यावर आलं. पण त्यासाठी आधी काम करणाऱ्या माणसांची पक्की यादी करावी लागली. पैसा मागाहून धावला.

इकडे एक दिवस फोन वाजतो: खात्यावर अमुक रुपये जमा. कशाचे? बहुतेकदा मेसेज ते सांगत नाही. राज्याचे वेगळे येतात, केंद्राचे वेगळे, कधी दोन महिन्यांचे एकत्र. मग एक जण दुसरीला विचारते, ‘तुला किती आले गं?’ आणि डायरी उघडून कुठलं बाळंतपण धरलं, कुठलं गळलं याची उलटी बेरीज सुरू होते. फॉर्मवर कामागणिक रकाने होते. खात्यात उतरताना ते सगळे एका आकड्यात विरघळून गेले. कमी आले असं नुसतं वाटून तक्रार करता येत नाही, नेमकं काय कमी आलं ते सांगावं लागतं. ती फोड तालुक्याच्या संगणकाजवळच्या कागदांत असते. पैशांच्या मेसेजसोबत तीही धाडायला किती खर्च येईल, हा प्रश्न बैठकीत निघतो आणि गटप्रवर्तक ताई तो वर कळवते म्हणतात.