मणक्याला इजा झालेल्या निवृत्त फौजींनी पोहावे का?

"डॉक्टर, हे पुन्हा पोहायला जायचं म्हणतात. जाऊ द्यावं का?" फलटणला निवृत्त जवानांच्या घरचे विचारतात. विहीर किंवा नीरा उजवा कालवा नको. पायऱ्या आणि कठडा असलेला तलाव चालेल.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सिंग करत. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागून कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पदकाचे सोडा, पाणी शरीराचा भार पेलते, त्यामुळे खांदे, छाती आणि श्वास यांना चांगला व्यायाम मिळतो.

मात्र कमरेखाली जाणीव नसेल तर खरचटलेले कळत नाही. घरी आल्यावर माकडहाड, बैठक आणि टाचा घरच्यांनी पाहाव्यात. लाल डाग दाबूनही फिका पडत नसेल तर त्यावर भार देऊ नका, लगेच दाखवा. उघडी जखम किंवा ताप असताना पाण्यात उतरू नये. आधी लघवी पूर्ण मोकळी करावी.

इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल आणि अचानक डोके ठणकून घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. लघवी तुंबणे हे त्याचे नेहमीचे कारण. रुग्णाला बाहेर काढून ताठ बसवा, आडवे करू नका, कपडे सैल करा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.